मूळ मजकुराप्रमाणे

लेबलं छापणाऱ्या त्या छापखान्यात माणसं सव्वीस होती आणि यंत्रं चार, पण तपासनीसाची सही झाल्याशिवाय एकही लेबल यंत्रावर चढत नसे. बावीस वर्षं तो हे एकच काम करत आला होता. कंपनीकडून आलेली मूळ प्रत डावीकडे, छापखान्याचं प्रूफ उजवीकडे, दोन्हींवर एकेक पोलादी पट्टी आणि दोन्ही हातांची बोटं एकाच वेगानं पुढे सरकणारी. औषधाच्या बाटल्या, शांपू, जंतुनाशकं, चेहऱ्याची मलमं, लिप ग्लॉसच्या करंगळीएवढ्या नळ्या. नळ्यांवरचं अक्षर सगळ्यांत बारीक, तिथे भिंग लागायचं. त्याचा हुद्दा ऐकून शेजारीपाजारी तो पोलिसात आहे असं समजायचे, आणि तो गैरसमज दूर करायची त्यानं कधी फारशी घाई केली नाही.

तो शब्द वाचत नसे, अक्षरं वाचत असे. 'ऑक्टिलडोडेकॅनॉल' हा शब्द त्यानं हजार वेळा तपासला असेल. त्यात कुठलं अक्षर कुठे येतं ते त्याला गाढ झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. ती वस्तू पातळ असते की घट्ट, तेल असतं की पीठ, याची मात्र त्याला काडीची कल्पना नव्हती. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यानं मालकांना एकदा विचारलं होतं. मालक म्हणाले होते की अर्थ कंपनीचा, अक्षर आपलं. त्याला ते पटलं होतं. अर्थामध्ये डोकं घातलं की डोळा चुकतो, असं पुढे तोच नव्या माणसांना सांगायला लागला.

घरात तिघंच. तो, बायको आणि मुलगी. मुलीचं कागदोपत्री नाव चांगलं लांबलचक होतं, पण घरात ती जन्मापासून ठकी. ठकी अकरा वर्षांची असताना तिच्या आईला मोठा ताप आला आणि ताप उतरला तेव्हा तिचं ऐकणं गेलेलं होतं. कानात बसवायची यंत्रं आणून झाली. त्यांतून तिला नुसती घरघर ऐकू यायची, म्हणून ती तिनं कपाटात ठेवून दिली आणि माणसांच्या ओठांकडे बघायला शिकली. शिकवायला कोणी नव्हतं. ती घरीच कपडे शिवायची. गिऱ्हाईक बाया समोर बसून बोलायच्या आणि ती मापं घेता घेता त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघायची. सहा महिन्यांत तिला निम्मं कळायला लागलं, दोन वर्षांत बरंचसं.

तपासनिसानं तिच्यासाठी मिशी काढली. वीस वर्षांची मिशी होती, पण तिच्या आडोशाला शब्द हरवायचे. तरी त्याचे ओठ पातळ आणि बोलणं तोंडातल्या तोंडात. प, ब आणि म ही अक्षरं ओठांवर अगदी सारखी दिसतात. त्यामुळे बाबा आले की मामा आले हे बायकोला त्याच्या तोंडावरून कधीच कळायचं नाही, आणि बाबा लवकर येणार असं ठकीला सांग, असं तो एकदा सांगून गेला, तर मामा येणार समजून ती सगळं घर आवरून बसली आणि संध्याकाळी हा एकटाच आला. त्यावर तिघं पोट धरून हसले होते. ठकीचं मात्र ती बिनचूक वाचायची. ठकी आईचा कान झाली. दुकानात, दवाखान्यात, बँकेत ठकी बरोबर असायची. समोरचा काय म्हणाला ते आईकडे तोंड करून सांगायची, आईचं उत्तर त्याला द्यायची.

लिप ग्लॉस घरात आला तो तपासनिसाच्याच हातानं. नळ्यांवर लेबल नीट चिकटतं की नाही हे बघायला कंपन्या भरलेल्या नळ्या पाठवत. चाचणी झाली की त्या टाकूनच द्यायच्या. एकदा त्यानं त्यांतल्या दोन खिशात घालून घरी आणल्या, डाळिंबी रंगाच्या, सोनेरी टोपणाच्या. ठकी तेव्हा सतरा वर्षांची होती. तिनं लावून आईला विचारलं, कशी दिसते? आईनं उत्तर दिलं ते वेगळंच. ती म्हणाली की आज तुझा शब्द न् शब्द कळतोय, ओठांची कड अगदी रेघ मारल्यासारखी दिसतेय.

त्या दिवसापासून ठकी रोज ग्लॉस लावू लागली. सकाळी उठल्यावर तोंड धुवायचं आणि आधी ग्लॉस, मग चहा. कॉलेजातल्या मैत्रिणींना वाटायचं की ही नटते. ती नटायची नाही असं नाही, पण घरी, फक्त आईसमोर बसायचं असतानाही ती विसरत नसे, यावरून काय ते कळतं. तपासनीस दर दोन-तीन महिन्यांनी नळ्या आणायचा. हे दोन वर्षं चाललं.

मग एका सकाळी ठकीचे ओठ खाजायला लागले. कडेला बारीक पुरळ आलं, चार दिवसांत कातडी सोलवटली. कोरडे पडले म्हणून तिनं आणखी ग्लॉस लावला. नेहमीच्या डॉक्टरांनी जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या, पाणी भरपूर प्यायला सांगितलं. आठवड्यानं वरचा ओठ सुजला. खालच्या ओठाला मधोमध भेग पडली आणि बोलताना ती उलायची, रक्त यायचं.

नळी बदलून बघावी असं तिघांनाही वाटलं. ठकीनं दुसरी आणली, तिसरी आणली. एकीनं दोन दिवस बरं वाटलं आणि तिसऱ्या दिवशी होतं त्याहून वाईट झालं. तेव्हा एका सुट्टीच्या दिवशी तपासनिसानं जेवणाचं टेबल पुसून घेतलं, खिडकीशी ओढलं, घरातल्या सगळ्या नळ्या आणि त्यांची खोकी मांडली आणि भिंग काढलं. सात नळ्या होत्या. त्यानं छापखान्यातल्या रद्दी प्रूफांच्या पाठकोऱ्या बाजूवर सात उभे रकाने आखले आणि प्रत्येकीचे घटक वरून खाली उतरवून काढले.

हे त्याला येत होतं. बावीस वर्षं दुसरं केलं काय होतं त्यानं? तासाभरात त्याच्या लक्षात आलं की सातही याद्यांची सुरुवात जवळजवळ सारखी आहे. पॉलिब्युटीन, खनिज तेल, एरंडेल, कुठलं तरी मेण, मग ते ऑक्टिलडोडेकॅनॉल. वेगवेगळ्या नावांच्या, वेगवेगळ्या टोपणांच्या तीन नळ्यांची यादी तर अक्षरशः एकच होती, क्रमासकट. ठकी त्याच्या खांद्यावरून बघत होती. ती म्हणाली, "म्हणजे मी तिन्ही वेळा तेच लावलं." शेवटी सगळीकडे अधिक-उणे चिन्ह आणि रंगांचे आकडे. हे चिन्ह त्याच्या ओळखीचं होतं: पुढच्यापैकी काही असेल किंवा नसेल. इतकी वर्षं ते चिन्ह जागेवर आहे ना एवढंच तो बघत आला होता. असेल किंवा नसेल, हे असं कोणी कसं छापू शकतं, हा प्रश्न त्याला त्या दिवशी पहिल्यांदा पडला.

पण तुलना करणं वेगळं आणि कळणं वेगळं. समान काय ते सापडलं. त्यातलं चावतं कोण ते कसं ओळखायचं? त्यानं आपल्या बुद्धीनं एक अंदाज बांधला. जी नावं उच्चारता येत नाहीत ती घातक असणार, जी ओळखीची आहेत ती बरी. या हिशेबानं त्यानं लांब लांब नावांखाली लाल रेघा ओढल्या आणि ती नावं नसलेली नळी शोधत दुसऱ्या दिवशी चार दुकानं पालथी घातली. दुकानदारीण त्याच्या हातातलं भिंग बघून आधी बिचकली, मग तिनं त्याला बसायला स्टूल दिलं. शेवटी त्याला एक डबी मिळाली. तिच्यावर सहाच घटक होते आणि सगळे आपल्या भाषेतले वाटावेत असे: मधमाश्यांचं मेण, मधमाश्यांचा डिंक, बदामाचं तेल, खोबरेल, मध, संत्र्याच्या सालीचा अर्क. वर हिरवं पान छापलेलं. अगदी खाता येईल अशी यादी, असं तो घरी येऊन म्हणाला. ठकीनं त्याच्यासमोरच ती लावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो छापखान्यात असताना बायकोचा निरोप आला. ती फोनवर बोलू शकत नसे, लिहून पाठवायची. लिहिलं होतं: लवकर या. तो घरी पोचला तेव्हा ठकी आरशाकडे पाठ करून बसली होती. दोन्ही ओठ इतके सुजले होते की तोंड मिटत नव्हतं. हनुवटीपर्यंत लाली उतरली होती. तिला काहीतरी सांगायचं होतं, पण तोंडातून नुसता आवाज येत होता, आणि तो आवाज त्याला ऐकू येत होता, तिच्या आईला तोही नाही. आई तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली होती आणि तिच्या तोंडाकडे बघत पुन्हा पुन्हा म्हणत होती, "काय? काय म्हणतेस? परत सांग."

मग ते त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या तरुण होत्या, कमी बोलायच्या. त्यांनी डबी हातात घेतली, मागची यादी वाचली आणि कपाळाला आठी न घालता बाजूला ठेवली. तपासनिसानं आपले सात रकाने त्यांच्यापुढे पसरले. त्या कौतुकानं बघत राहिल्या. त्यांनी सांगितलं की लांब नावांचा काही दोष नाही. ज्याच्याखाली त्यानं सगळ्यांत जाड रेघ मारली होती ते ऑक्टिलडोडेकॅनॉल बहुतेकांना काहीच करत नाही, नुसतं ग्लॉसला मऊपणा आणतं. उलट मधमाश्यांचा डिंक किंवा सालीचा अर्क यांसारख्या साध्यासुध्या नावांच्या गोष्टी ओठांना भारी पडू शकतात. तपासनीस खुर्चीत मागे टेकला. इतका वेळ पेन त्याच्या हातात होतं, ते त्यानं खिशाला लावलं.

ठकीच्या पाठीवर छोट्या चौकोनांच्या पट्ट्या चिकटवल्या. प्रत्येक चौकोनात एकेक वस्तू. दोन दिवस आंघोळ नाही, घाम नाही, खाजवायचं नाही. तिसऱ्या दिवशी पट्ट्या काढल्या, आणि पाचव्या दिवशी पुन्हा बघितलं तेव्हा दोन चौकोन लालबुंद उठले होते. एक मधमाश्यांच्या डिंकाचा. दुसऱ्यावर लिहिलं होतं, सुगंध-मिश्रण.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. ग्लॉसमधल्या सुगंधानं दोन वर्षांत हळूहळू ही तक्रार सुरू केली असणार. डबीतल्या डिंकानं तिच्यावर कळस चढवला. आता ओठांना साधी पांढरी पेट्रोलियम जेली, दुसरं काही नाही. दात घासायची पेस्टसुद्धा बदलायची, तिच्यातही वास असतो. सूज उतरेल, कातडी यायला काही आठवडे लागतील. पण ही तक्रार शरीरानं एकदा लक्षात ठेवली की ती जात नाही, जन्मभर सांभाळावं लागतं.

तपासनिसानं विचारलं, सुगंध म्हणजे नेमकं काय? त्याच्या सातपैकी सहा रकान्यांत तो शब्द होता, यादीच्या शेवटाकडे, रंगांच्या आकड्यांच्या थोडा आधी. त्यानं त्याच्याखाली रेघसुद्धा मारली नव्हती.

"तो एक शब्द आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आत वीस गोष्टी असतील, नाहीतर शंभर. त्या लिहायची सक्ती सगळीकडे नाही. तिला त्यातलं कुठलं सोसत नाही हे कंपनीनं सांगितलं तरच कळेल."

कंपनी तर रोजच्या कामातली होती. दर महिन्याला तिच्या गुणवत्ता विभागातली एक बाई छापखान्यात यायची, लेबलांचे रंग पास करायला. तपासनिसाशी तिची चांगली ओळख होती. एकदा त्यानं दशांशचिन्हाची एक चूक पकडून तिची नोकरी वाचवली होती, असं तीच सांगायची. यावेळी ती आली तेव्हा त्यानं तिला बाजूला बसवलं, चहा मागवला आणि सगळी हकीकत सांगितली. ठकीचा फोटोही दाखवला. बाईनं तो पाहून डोळे मिटून घेतले. तिनं सांगितलं की सुगंध त्यांच्याकडे पिंपांतून तयार येतो, दुसऱ्या कारखान्यातून. आत काय आहे ते तो कारखाना कोणाला सांगत नाही, ते त्यांचं गुपित. तिनं स्वतः एकदा विचारलं होतं, तेव्हा एक ओळीचं उत्तर आलं होतं. ती पुन्हा लिहील असं म्हणाली, आणि तिनं खरंच लिहिलं. पंधरा दिवसांनी तिनं ते उत्तर त्याला दाखवलं. पुन्हा एकच ओळ होती: मिश्रण सर्व नियमांना धरून आहे. खाली सही होती, नाव वाचता येत नव्हतं.

घरी तोवर वेगळंच दुखणं सुरू झालं होतं. सूज उतरत होती, पण भेगा भरत नव्हत्या. ठकी ओठ हलवायला भ्यायची. दात जवळ ठेवून, तोंडाचा नुसता कोपरा हलवून बोलायची. ओठांच्या कडा फिकट पडून चेहऱ्याच्या रंगात मिसळून गेल्या होत्या. वर जेलीची चकाकी, आणि उजेड तिच्यावर पडला की आईला काहीच दिसायचं नाही. आठ वर्षांत आईचे डोळेही थकले होते. ती म्हणायची, नीट बोल की गं. ठकी पुन्हा बोलायची, भेग उलायची. शेवटी ठकीनं चिठ्ठ्या लिहायला सुरुवात केली. जेवायला काय करायचंय, मी सहाला येते, बाईंचा ब्लाउज उद्या हवाय.

आईला चिठ्ठ्या आवडेनात. एकदा तिनं एक चिठ्ठी न वाचताच परत केली आणि तिच्या त्या सपाट, थोड्या मोठ्या आवाजात म्हणाली, "मी काय दुकान आहे, यादी हातात द्यायला?"

ठकी उठून आतल्या खोलीत गेली. तपासनीस दोघींच्या मधे उभा राहिला. आईला समजवायला जावं तर त्याच्या ओठांवरून तिला निम्मंच कळणार, मुलीला समजवायला जावं तर तिचं काही चुकलेलं नव्हतं. मग तो टेबलावरचे पेले उचलून धुवायला घेऊन गेला. पुढच्या आठवड्यात आईला बँकेत जायचं होतं. ती एकटीच गेली. काम न होता परत आली आणि काय झालं ते तिनं कोणालाच सांगितलं नाही.

ठकीनं बापाला एका शब्दानं दोष दिला नाही. त्यानं आणलेल्या नळ्या होत्या, त्यानं शोधून काढलेली डबी होती. एकदा त्यानंच विषय काढला, तर ती म्हणाली की बाबा, तुम्हाला कुठे माहीत होतं. तिनं ते समजुतीनं म्हटलं होतं. पण त्याला ते दिवसभर टोचत राहिलं. कारण माहीत नसणं हीच तर त्याची नोकरी होती, आणि त्या नोकरीचा त्याला इतकी वर्षं अभिमान होता.

दोन महिन्यांनी एका सोमवारी त्याच्या टेबलावर नव्या लेबलाचं प्रूफ आलं. तीच कंपनी, तोच डाळिंबी ग्लॉस. पुढच्या बाजूला एक नवी ओळ आली होती, पांढऱ्या पट्टीवर नाजूक अक्षरांत: संवेदनशील ओठांसाठी. त्यानं नळीची मागची बाजू भिंगाखाली घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा अक्षरांऐवजी शब्द वाचत खाली आला. पॉलिब्युटीन. खनिज तेल. एरंडेल. दोन नवे घटक होते, कोरफडीचा रस आणि एक जीवनसत्त्व. त्याखाली, होता त्याच जागी, सुगंध.

प्रूफात शंका आली तर समासात प्रश्नचिन्ह काढायचं आणि बाहेर रेघ ओढून शंका लिहायची, असा शिरस्ता असतो. त्यानं आजवर शेकडो प्रश्नचिन्हं काढली होती: वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ, स्वल्पविराम हवा का, आकडा मूळ प्रतीत वेगळा आहे का. अर्थाबद्दल एकही नाही. त्या दिवशी त्यानं 'सुगंध'भोवती लाल वर्तुळ केलं, पुढच्या बाजूच्या 'संवेदनशील'भोवती दुसरं केलं, दोन्ही रेघेनं जोडली आणि समासात लिहिलं: हे दोन शब्द एका नळीवर कसे? कृपया खुलासा व्हावा. खाली सही केली, तारीख टाकली आणि प्रूफ कंपनीकडे परत पाठवलं. मनात धाकधूक होती, पण संध्याकाळी घरी जाताना त्याला कित्येक दिवसांनी हलकं वाटलं. आपण काहीतरी केलं, असं.

बुधवारी प्रूफ परत आलं. दोन्ही वर्तुळांवर हिरव्या शाईनं काट मारलेली होती. शेजारी लिहिलं होतं: मूळ मजकुराप्रमाणे ठेवावे.

ते गुणवत्तावाल्या बाईचं अक्षर नव्हतं. तिला फोन केला तर कळलं की हा निर्णय वरचा, जाहिरात विभागाचा. ती हळू आवाजात म्हणाली की तुमची शंका मी बैठकीत वाचून दाखवली होती.

दुपारी मालक स्वतः त्याच्या टेबलाशी आले. माणूस भला होता. ठकीच्या आजारपणात त्यांनी त्याला मागेल तेवढी सुट्टी दिली होती. ते खुर्ची ओढून बसले. यंत्र सकाळपासून त्या कामासाठी थांबलं आहे, एवढं त्यांनी सांगितलं.

"तुम्ही नाही केलीत तर मी सही करेन," ते म्हणाले. "राग धरणार नाही. पण मी तुमच्याइतकं नीट तपासलेलं नसेल."

ते गेल्यावर त्यानं प्रूफ पुढ्यात घेतलं. दोन्ही पट्ट्या लावल्या. एक तरी चूक सापडावी अशी त्याची फार इच्छा होती. एखादी गळलेली मात्रा, एखादा उलटा आकडा. चूक असती तर काम थांबवण्याचा त्याला पूर्ण हक्क होता, कोणी एक शब्द बोललं नसतं. त्यानं लेबल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मग शेवटापासून पहिल्यापर्यंत, अक्षर न् अक्षर उलटं. मग पुन्हा सुलटं. चौथ्या वेळी भिंग कपड्यानं पुसून वाचलं. अक्षरं जुळवणाऱ्यानं फार सुंदर काम केलं होतं. कुठे काही चुकलं नव्हतं. सुगंध हा शब्द तर अगदी शुद्ध होता, अनुस्वार जिथल्या तिथे.

त्यानं सही केली. थोड्या वेळानं भिंतीपलीकडचं यंत्र सुरू झालं आणि त्याच्या टेबलावरचा पेला नेहमीसारखा थरथरायला लागला.

तो घरी आला तेव्हा अजून उजेड होता. ठकी आली नव्हती. बायको खिडकीशी मशीनवर बसून कुणाच्या तरी बाह्या जोडत होती. त्याचा चेहरा पाहून तिनं पाय थांबवले आणि काय झालं म्हणून विचारलं. त्याला टाळता आलं असतं. मान हलवली असती तरी पुरलं असतं. पण तो स्टूल ओढून तिच्यासमोर बसला, खिडकीकडे तोंड करून, उजेड ओठांवर पडेल असा. आणि तोंड नीट उघडून, एकेक शब्द सुटा करून त्यानं तिला सगळं सांगितलं. नवी ओळ, लाल वर्तुळं, हिरवी शाई, सही. ती त्याच्या तोंडावरून नजर न हलवता ऐकत होती. मधे दोनदा तिनं त्याला थांबवलं, तेवढं वाक्य त्यानं पुन्हा म्हटलं.

त्याचं सांगून झालं. तिनं हातातली बाही घडी करून मांडीवर ठेवली.

"किती छापली?" तिनं विचारलं.

त्यानं आकडा सांगितला.

ती पुढे वाकली. "चार हजार?"

तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याला वाटलं, हो म्हणावं. मग त्यानं नकारार्थी मान हलवली आणि अधिक सावकाश, ओठ पूर्ण फाकवून, तो आकडा पुन्हा म्हटला. चाळीस. चाळीस हजार.

तिनं थोडा वेळ त्याच्या तोंडाकडे तसंच बघितलं, अजून काही येणार असेल म्हणून. काही आलं नाही. तेव्हा तिनं बाही उचलली, सुईखाली सरकवली, आणि पाय पुन्हा चालू केले.